जुळ्यांनंतर ‘तीन मुले’ झाली म्हणून योजना बंद होतात का? मोजणी नेमकी कशाची होते

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची थोरली मुलगी चार वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात त्यांना जुळी झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. त्या म्हापशातील एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहेत, पतीचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे आणि दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास जाते. ‘तुम्हांला आता तीन मुले झाली, दोनच्या वर गेल्यावर सरकारकडून काही मिळत नाही’ असे त्यांना एका कार्यालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले आणि अर्जाचा कोरा नमुनाही दिला गेला नाही. कंपनीनेही ‘तीन मुले’ म्हणून बारा आठवड्यांनंतर त्यांना कामावर बोलावून घेतले. त्यांच्या जाऊबाई सरकारी शाळेत शिक्षिका असून तिसऱ्यांदा गरोदर आहेत. त्यांना प्रसूती रजा मिळेल का, हा जोडप्रश्न आहे.

मी अंगणवाडी प्रकल्पात मुख्य सेविका म्हणून २७ वर्षे काम केले. या काळात ‘तिसरे मूल, म्हणून काही नाही’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा त्यामागचा नियम दाखवा असे म्हटल्यावर समोरचा माणूस गप्प झालेला पाहिला. कारण असा सरसकट नियम अस्तित्वातच नाही. मर्यादा आहेत, आणि त्या बऱ्याच ठिकाणी आहेत. परंतु प्रत्येक योजना वेगळी गोष्ट मोजते. कोणी बाळंतपणे मोजते, कोणी हयात मुले मोजते, कोणी फक्त मुलींची खाती मोजते, तर कोणी घरातील माणसे मोजते आणि तिथे माणसे वाढली की लाभ कमी न होता वाढतो. एकीची मोजणी दुसरीला लावली की घोटाळा होतो, आणि जुळ्यांच्या घरात हा घोटाळा हमखास होतो.

म्हणून पहिले काम असे करा. इस्पितळातून घरी सोडताना दिलेले डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर डॉक्टरांनी इंग्रजी अक्षरांत एक छोटी नोंद केलेली असते, ती तुमच्या बाबतीत ‘पी२ एल३’ अशी असायला हवी. ‘पी’ म्हणजे बाळंतपणे किती झाली आणि ‘एल’ म्हणजे आज हयात मुले किती आहेत. बहुतेक आयांच्या कार्डावर हे दोन आकडे सारखेच असतात, त्यामुळे कारकुनाला त्यांतील फरक पाहण्याची सवय नसते. तुमच्या कार्डावर ते वेगळे आहेत आणि तुमचा सगळा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या फरकाचा आहे.

सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावरची गोष्ट मला अजून आठवते. तिथेही दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली होती, आधी मुलगा आणि सात मिनिटांनी मुलगी. अर्जावर ‘अपत्य क्रमांक’ असा एक रकाना होता. सेविकेने मुलापुढे २ आणि मुलीपुढे ३ लिहिले. चूक म्हणावी अशी ती नव्हतीही, घरातले ते तिसरेच मूल होते. पण वरच्या कार्यालयातून तो अर्ज लाल शाईत ‘तिसरे अपत्य, अपात्र’ असा शेरा घेऊन परत आला. आम्ही तोच अर्ज पुन्हा भरला. या वेळी दोन्ही जन्मदाखले एकत्र जोडले, त्यांवरील एकच जन्मतारीख अधोरेखित केली, डिस्चार्ज कार्डाची प्रत लावली आणि रकान्यात ‘दुसरे बाळंतपण, जुळे’ असे शब्दांत लिहिले. अर्ज मंजूर झाला. त्या मुलीच्या नावापुढचा आकडा बदलण्यासाठी आईला तान्ह्या दोघांना घेऊन तीन खेपा घालाव्या लागल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

आता एकेक योजना पाहू. गोवा सरकारची ममता योजना नोंदणीकृत इस्पितळात मुलीला जन्म देणाऱ्या मातेला १० हजार रुपये देते आणि तिची मर्यादा कमाल दोन बाळंतपणे अशी आहे. मर्यादा बाळंतपणांची आहे, मुलांची नाही. तुमचे हे दुसरे बाळंतपण आहे आणि त्यात मुलगी झाली आहे, म्हणून तुम्ही या मर्यादेच्या आत आहात. अर्ज तुमच्या भागातील अंगणवाडीतून जातो. थोरलीच्या वेळी हा लाभ घेतला असेल तरी आत्ताच्या अर्जाला त्याने बाधा येत नाही.

केंद्राची प्रधानमंत्री मातृ वंदना योजना थोडी सविस्तर समजून घ्यावी लागेल, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याविषयी आहेत. ती १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली तेव्हा फक्त पहिल्या हयात अपत्यासाठी ५ हजार रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नव्या रचनेत पहिल्या अपत्यासाठीचे ५ हजार दोन हप्त्यांत येतात आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर तिच्या जन्मानंतर ६ हजार रुपये एकरकमी मिळतात. दुसऱ्या गरोदरपणात जुळी झाली आणि त्यांत एक जरी मुलगी असली, तरी हे ६ हजार मिळतात, असे मार्गदर्शक सूचनांतच आहे. मुलगा सात मिनिटे आधी जन्मला की नंतर, याचा इथे काहीही संबंध नाही. एखाद्या भगिनीचा गर्भपात झाला असेल किंवा मूल मृत जन्मले असेल, तर पुढच्या गरोदरपणात तिला नव्याने लाभार्थी मानले जाते; ही तरतूद फार थोड्या जणींना माहीत असते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

या योजनेत कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांपेक्षा कमी असणे हा पात्रतेचा एक निकष आहे. तो एकमेव नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका, ई-श्रम कार्ड, किसान सन्मान योजनेतील नोंद यांपैकी एखादी गोष्ट असली तरी चालते. तुमच्या बाबतीत या निकषासाठी उत्पन्नाचा दाखला पुरेसा आहे; पण दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रीला ही योजना लागू नाही, म्हणून पगारी रजेमुळे अडचण येते का ते आधी विचारून घ्या. मात्र एक काळजी घ्या. गोव्यात आपल्याकडील समान नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून आयकराच्या हिशेबात पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. गॅरेजचे निम्मे उत्पन्न तुमच्या विवरणपत्रात दिसेल आणि निम्मे पतीच्या. काही जण घाईत एकाचेच विवरणपत्र जोडतात आणि नंतर छाननीत आकडे जुळत नाहीत. मामलेदार कार्यालयातून दोघांच्या एकत्रित उत्पन्नाचा दाखला घ्या, म्हणजे हा प्रश्न उद्भवणार नाही. दुसऱ्या अपत्यासाठीचा अर्ज जन्मापासून २७० दिवसांच्या आत व्हावा लागतो. तुमचे साधारण १२० दिवस गेले आहेत. उरलेले दिवस पुरेसे आहेत, पण बँक खात्याला आधार जोडलेले नसेल तर तेवढ्याच कामात महिना जाऊ शकतो.

इथे माझे मत स्पष्टपणे मांडते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचे मातृत्व साहाय्य म्हटले आहे, आणि त्या कलमात ‘कितवे मूल’ हा प्रश्न विचारलेलाच नाही. तो प्रश्न नंतर योजनेने आणला. दुसऱ्या वेळी मुलगा झालेल्या आईला यातून काहीच मिळत नाही, जणू तिचे अंग बाळंतपणात कमी झिजते. मुलीच्या जन्माला बळ द्यावे हा हेतू मला मान्य आहे, परंतु त्याची किंमत दुसऱ्या आईने का मोजावी, याचे उत्तर मला इतक्या वर्षांत मिळालेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, १.३ इतका खाली आलेला आहे. ज्या राज्यात दुसरे मूलच कमी घरांत होते, तिथे तिसऱ्या मुलाच्या आईकडे गुन्हेगारासारखे पाहण्याचे कारण कोणते?

सुकन्या समृद्धी खाते हा तिसरा प्रकार आहे. तिथे मुलगे मोजलेच जात नाहीत. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे, एका कुटुंबात दोन मुलींपर्यंत, प्रत्येकी एक खाते पोस्टात किंवा बँकेत उघडता येते. तुम्हांला मुली दोनच आहेत, म्हणून दोन्ही खाती सरळ उघडता येतील, जुळ्यांचा अपवाद मागण्याची गरजही नाही. ज्यांना पहिल्या मुलीनंतर जुळ्या मुली झाल्या, त्यांना जन्मदाखले आणि प्रतिज्ञापत्र देऊन तिसरे खाते मिळते. मात्र पहिल्याच बाळंतपणात जुळ्या मुली झाल्या असतील, तर दुसऱ्या बाळंतपणातील मुलीला खाते मिळत नाही. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. गॅरेजचे उत्पन्न कमी-जास्त होत असेल तर सुरुवातीला दोन्ही खात्यांत किमान रक्कम भरून ती उघडी ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण दहाव्या वर्षानंतर खाते उघडता येत नाही, भरणा मात्र नंतर वाढवता येतो.

तुमच्या रजेविषयी मला सर्वांत जास्त चिंता वाटते, कारण तिथे तुमचे नुकसान आत्ताच चालू आहे. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि दोन किंवा अधिक हयात मुले असलेल्या स्त्रीसाठी ती १२ आठवडे राहिली. सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच विभागणी कायम आहे. ही मोजणी ‘एल’ची आहे, हे खरे. पण ती बाळंतपणाला जाताना करायची की होऊन आल्यावर? कंपनीने होऊन आल्यावर केली. तसे केले तर दुसऱ्या वेळी एकच मूल झालेल्या प्रत्येक आईचीही हयात मुले दोन भरतील आणि २६ आठवडे फक्त पहिल्या बाळंतपणापुरते उरतील. कायद्याचा तो अर्थ कोणी लावत नाही आणि आधी दोन मुले असताना पुन्हा गरोदर राहिलेल्या स्त्रीसाठीच १२ आठवडे आहेत, असे केंद्रीय श्रम मंत्रालयाचेही स्पष्टीकरण आहे. तुम्ही रजेवर गेलात तेव्हा घरात एकच मूल होते. म्हणून तुमचा हक्क २६ आठवड्यांचा, म्हणजे १८२ दिवसांचा आहे.

कंपनीला आजच लेखी पत्र द्या. पत्रात रजा सुरू झाल्याची तारीख, त्या दिवशी हयात असलेली मुले १, बाळंतपणाची तारीख, आणि उरलेली रजा पगारासह मिळावी ही मागणी, एवढेच असू द्या. सोबत आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केल्याचे दाखवणाऱ्या पगारपावत्या जोडा. उत्तर आले नाही, किंवा तोंडीच ‘बघू’ म्हटले, तर पोच घेतलेल्या पत्राची प्रत जोडून कामगार आयुक्तालयाकडे तक्रार करा. नोकरी जाईल या भीतीने अनेक जणी इथेच थांबतात. पण या रजेवर असताना कामावरून काढणे हेच कायद्याने बेकायदेशीर आहे. मुले पंधरा महिन्यांची होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन विश्रांती मिळतात, त्यांना मुलांच्या संख्येची कोणतीही अट नाही.

आता ज्या ठिकाणी माणसे वाढल्याने लाभ वाढतो त्याकडे वळू. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन किंवा त्याहून कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचारखर्चाचे संरक्षण मिळते. तुमचे कार्ड थोरलीच्या वेळी काढलेले असेल तर त्यावर तीन नावे असणार. जुळ्यांची नावे घातली की तुम्ही पाच होता आणि संरक्षणाची मर्यादा बदलते. जुळी मुले अनेकदा कमी वजनाची जन्मतात, त्यांना पहिल्या वर्षात इस्पितळाची गरज इतर मुलांपेक्षा जास्त पडू शकते. त्यामुळे हे काम ममता योजनेच्या अर्जाइतकेच निकडीचे समजा. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य गटाच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य असते आणि त्यात तान्हे मूलही एक पूर्ण माणूस धरले जाते. अंत्योदय कार्ड मात्र कुटुंबाला ३५ किलो देते, मग घरात तीन माणसे असोत वा दहा. तुमचे कार्ड कोणत्या गटातले आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण गट कोणताही असला तरी जन्मदाखले हाती आल्यावर नावे चढवून घ्या.

लसीकरण, अंगणवाडीतील पूरक आहार, वजन-उंचीची नोंद, शाळेतील प्रवेश आणि माध्यान्ह आहार यांत कितवे मूल हा प्रश्न कोणीही विचारू शकत नाही. इथे लाभार्थी मूल स्वतः आहे, आई नव्हे. स्तनदा माता म्हणून तुम्हांला सहा महिने मिळणारा पूरक आहारही याच प्रकारात येतो. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेत मुलांची मोजणी नाही, परंतु पती-पत्नीचे एकत्रित उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत लागते, त्यामुळे दरमहा १,५०० रुपयांचा तो लाभ तुम्हांला मिळणार नाही.

खिडकीवर तुम्हांला जे सांगितले गेले, ते कुठून आले असावे याचा मला अंदाज आहे. आपण महाराष्ट्राची वर्तमानपत्रे वाचतो, तिथल्या वाहिन्या पाहतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी २८ मार्च २००५ पासून लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. तिथल्या ‘लेक लाडकी’ योजनेत मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात आणि तिला तिथल्या शिधापत्रिकेची व अपत्यसंख्येची अट आहे. आपली ‘लाडली लक्ष्मी’ ही वेगळ्या राज्याची वेगळी योजना आहे, ती मुलीने १८ वर्षे पूर्ण केल्यानंतर तिच्याच नावे १ लाख रुपये देते. नावे जवळची असल्याने लोक दोन्हींच्या अटी एकमेकींत मिसळतात. दुसरा स्रोत ब्रिटनमधील नातेवाईक. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेली माणसे आता आपल्या कित्येक वाड्यांवर आहेत, आणि ‘तिथे दोनच मुलांना पैसे मिळतात’ हे त्यांच्याकडून ऐकलेले असते. ती मर्यादा ६ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलापासून कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’सारख्या साहाय्याला होती, प्रत्येक मुलामागे मिळणाऱ्या ‘चाइल्ड बेनिफिट’ला ती कधीच नव्हती, आणि एप्रिल २०२६ पासून ती रद्द करण्याचे तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. तिथेही लोक दोन योजनांची मोजणी एकत्र करतात, असे दिसते.

जाऊबाईंचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यांना खोटी आशा लावणे योग्य होणार नाही. सरकारी शिक्षिकेला केंद्रीय नागरी सेवा रजा नियमांतील नियम ४३ लागू पडतो. त्यानुसार १८० दिवसांची प्रसूती रजा दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या कर्मचारी स्त्रीला आहे. त्यांना दोन मुले असल्याने नियमाच्या शब्दांप्रमाणे तिसऱ्या वेळी ती बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तमिळनाडूतील के. उमादेवी यांच्या प्रकरणात तिसऱ्या बाळंतपणाची रजा मान्य केली, पण त्यांची पहिली दोन मुले आधीच्या विवाहातील होती आणि घटस्फोटानंतर त्यांच्या ताब्यात नव्हती. ऑगस्ट २०२२ मधील दीपिका सिंह प्रकरणात पतीची आधीच्या विवाहातील दोन मुले पत्नीच्या खाती मोजून तिची रजा नाकारली होती, ते न्यायालयाने चूक ठरवले. जाऊबाईंची परिस्थिती यांपैकी एखादीशी जुळत असेल तर निकालाची प्रत जोडून अर्ज करावा. जुळत नसेल तरीही अर्ज लेखी करावा आणि नकारही लेखीच घ्यावा, पण घरखर्चाचे नियोजन रजा मिळणार नाही असे धरून करावे. अर्जित रजा आणि वैद्यकीय दाखल्यावरची अर्धपगारी रजा यांची शिल्लक किती आहे, हे त्यांनी आत्ताच सेवापुस्तिकेवरून पाहून घ्यावे, आणि शक्य तितकी राखून ठेवावी. बालसंगोपन रजा ७३० दिवसांची असली तरी ती सर्वांत मोठ्या दोन हयात मुलांसाठीच आहे. त्या दोघांचे वय १८ च्या आत असेल आणि त्यांची परीक्षा वा आजारपण असे खरे कारण असेल, तर ती त्या कारणासाठी मागता येईल. दुर्दैवाने गर्भपात झालाच, तर ४५ दिवसांच्या रजेला हयात मुलांच्या संख्येची अट नाही. फक्त ती संपूर्ण सेवाकाळात मिळून ४५ दिवस असते.

तुम्ही स्वतः सोमवारी निघाल तेव्हा डिस्चार्ज कार्डाच्या तीन प्रती, दोन्ही जुळ्यांचे आणि थोरलीचे जन्मदाखले, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँक पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला एकत्र ठेवा. आधी वाड्यावरच्या अंगणवाडीत जा, ममता आणि मातृ वंदना हे दोन्ही अर्ज तिथूनच भरून घ्या आणि अपत्य क्रमांकाच्या रकान्यात आकडा न लिहिता ‘दुसरे बाळंतपण, जुळे’ असे शब्दांत लिहा. कोणी पुन्हा अपात्र म्हणालेच, तर ज्या तरतुदीखाली अपात्र ठरवले ती त्याच अर्जावर लिहून सही करून मागा.